नियम सभागृहासमोर ठेवले म्हणजे मंजूर झाले का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. माहितीच्या अधिकारात तुम्ही एक अर्ज केला. त्यात काही मुद्दे पाणीपुरवठ्याच्या निविदेबद्दल होते, काही रस्त्याच्या देयकांबद्दल. जनमाहिती अधिकाऱ्याने निविदेची माहिती दिली आणि रस्त्यासाठी "वेगळा अर्ज करा" असं कळवलं. आधार दाखवला तो महाराष्ट्राच्या नियमांतल्या 2012 च्या दुरुस्तीचा: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारणपणे 150 शब्दांच्या आत. तुम्ही कायदा उघडून पाहिलात, त्यात अशी अट कुठेच नाही. आमदारांकडे गेलात तर ते म्हणाले, "नियम विधिमंडळापुढे ठेवलेले असतात, म्हणजे सभागृहाने मान्य केलेलेच असतात." वर अमेरिकेतल्या भाच्याने सांगितलं की तिकडे राज्याचं विधिमंडळ खात्यांचे नियम सरळ रद्द करतं. आपल्याकडे तसं होतं का, आणि होत असेल तर कागद कुणाकडे द्यायचा, हे तुम्हाला हवं आहे.

आमदारसाहेबांचं म्हणणं बरोबर नाही. तुमची अपेक्षाही या कायद्यापुरती पूर्ण होणार नाही. पण हातात काहीच नाही असंही नाही. माझी सगळी नोकरी नियमांचे मसुदे तपासण्यात आणि पुढे विधिमंडळाच्या समित्यांपुढे त्यांची उत्तरं देण्यात गेली, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

आधी सभागृहात प्रत्यक्ष काय घडतं ते पाहा. प्रश्नोत्तराचा तास संपला की कामकाजाच्या क्रमात "कागदपत्रे सभागृहासमोर ठेवणे" अशी बाब असते. मंत्री उभे राहतात, "अध्यक्ष महोदय, मी आपल्या अनुमतीने अमुक अधिसूचना सभागृहासमोर ठेवतो" म्हणतात. अध्यक्ष "अधिसूचना सभागृहासमोर ठेवण्यात आली आहे" म्हणतात आणि पुढची बाब पुकारतात. ना चर्चा, ना मतदान. त्या वेळी अर्धे सदस्य प्रश्नोत्तराचा तास संपला म्हणून बाहेर निघालेले असतात आणि उरलेल्यांचं लक्ष त्यानंतर येणाऱ्या गरम विषयाकडे असतं. कागदाची प्रत ग्रंथालयात जाते. एवढ्या भांडवलावर "सभागृहाने मान्य केलं" असं म्हणता येत नाही. उलट, सभागृहाने तोंड उघडलं नाही तरी नियम राजपत्रात आल्यापासून चालूच असतात. सभागृहासमोर येण्याची ते वाट पाहत नाहीत.

आता मुळाकडे. विधिमंडळ कायदा करतं तेव्हा बारीकसारीक तपशील सरकारवर सोपवतं. फी किती, नमुना कोणता, अपील कोणत्या पद्धतीने, हे सगळं कायद्यात लिहीत बसलं तर कायदा कधीच संपणार नाही. हे सोपवणं चालतं, मात्र धोरणाचा गाभा सोपवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये दिल्ली लॉज अॅक्टच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे. सोपवलेल्या अधिकारावर नजर ठेवायची म्हणून कायद्याच्या शेवटी एक कलम येतं, की केलेले नियम सभागृहापुढे ठेवावेत. सगळी गोम या कलमाच्या शब्दांत असते, आणि लोक ते वाचतच नाहीत. वकीलही पुष्कळदा वाचत नाहीत.

हे कलम तीन प्रकारचं असतं. पहिल्यात नियम नुसते सभागृहापुढे ठेवायचे, पुढे काही नाही. दुसऱ्यात ते तीस दिवस ठेवायचे, आणि त्या मुदतीत दोन्ही सभागृहांनी मिळून "हा नियम बदला" किंवा "हा नियम नको" असं ठरवलं तर त्याप्रमाणे व्हायचं. तिसऱ्यात सभागृहाचा होकार मिळाल्याशिवाय नियम लागूच होत नाही, किंवा टिकत नाही. तिसरा प्रकार आपल्याकडे दुर्मीळ. महाराष्ट्राच्या स्वतःच्या कायद्यांत बहुतेक दुसरा असतो. सहकारी संस्था अधिनियम, 1960 चं कलम 165 काढून पाहा. नियम दोन्ही सभागृहांपुढे तीस दिवस ठेवायचे, आणि दोन्ही सभागृहांनी निर्णय करून तो राजपत्रात आला की त्या तारखेपासून नियम बदललेल्या रूपात चालतो किंवा बाद होतो. मधल्या काळात त्या नियमाखाली जे झालं ते मात्र कायम राहतं.

माहितीचा अधिकार हा केंद्राचा कायदा. त्याच्या कलम 29 मध्ये दोन पोटकलमं आहेत. पहिल्यात केंद्र सरकारचे नियम: संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे तीस दिवस, बदलण्याचा, रद्द करण्याचा अधिकार, सगळं सविस्तर. दुसऱ्यात राज्य सरकारचे नियम. ते अधिसूचित झाल्यावर होईल तितक्या लवकर राज्य विधिमंडळापुढे ठेवावेत. बस, वाक्य संपलं. तीस दिवस नाहीत, फेरफार नाही, रद्द करणं नाही. म्हणजे तुम्हाला ज्या नियमाने अडवलं तो पहिल्या प्रकारात मोडतो. त्या कलमाखाली विधानसभा आणि विधान परिषद एकमताने जरी म्हणाली की 150 शब्दांची अट नको, तरी ती अट आपोआप जाणार नाही. सरकारला ते ऐकावं लागेल ते राजकीय कारणाने. कायद्याने ते बांधलेलं नसेल.

हे एकाच कायद्यात आहे असं समजू नका. विद्युत अधिनियम, 2003 मध्येही हाच दुजाभाव आहे. केंद्रीय वीज नियामक आयोगाचे विनियम कलम 179 खाली संसदेपुढे जातात, तिथे पूर्ण अधिकार. राज्य आयोगाचे विनियम कलम 182 खाली राज्य विधिमंडळापुढे जातात, तिथे नुसतं ठेवणं. महाराष्ट्रातल्या कोट्यवधी वीजग्राहकांची जोडणी, सुरक्षा ठेव, बिल, तक्रार हे सारं राज्य आयोगाच्या विनियमांवर चालतं, आणि त्यावर आपल्या आमदारांचा कायदेशीर हात एवढाच पोचतो. मोटार वाहन कायद्यातले राज्याचे नियमही असेच येतात. दिल्लीत मसुदा लिहिणाऱ्यांनी संसदेला दात दिले आणि राज्यांच्या सभागृहांना टपालपेटी, असं माझं स्पष्ट मत आहे. यावर राज्यांनी कधी आवाज उठवला नाही याचं मला नोकरीभर नवल वाटत आलं.

बरं, जिथे अधिकार आहे तिथे तरी काय होतं? तीस दिवसांचं गणित पाहा. हे दिवस अधिवेशन चालू असतानाचे मोजायचे. आपल्याकडे अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. 2024 चं नागपूर अधिवेशन 16 ते 21 डिसेंबर एवढंच होतं. तेव्हा तीस दिवस एका अधिवेशनात सहसा भरत नाहीत, लागोपाठच्या दोन-तीन अधिवेशनांत मिळून भरतात. फेरफाराची मुदत त्यापुढच्या अधिवेशनाच्या शेवटापर्यंत जाते (कायद्याकायद्यात शब्द थोडे वेगळे असतात, तेवढे तपासा). याचा फायदा तुमच्यासारख्यांना असा, की नियम येऊन सहा-आठ महिने झाले म्हणजे वेळ गेली असं नसतं. तोटा असा, की तोवर नियमाप्रमाणे हजारो प्रकरणं निकालात निघालेली असतात आणि खातं म्हणतं, आता मागे कसं जायचं?

शिवाय नियम रद्द करायला दोन्ही सभागृहांचं बहुमत लागतं, आणि नियम करणारं सरकार बहुमताच्या जोरावरच बसलेलं असतं. स्वतःच्या मंत्र्याचा नियम पाडायला सत्तारूढ सदस्य हात वर करतील ही आशा धरू नये. संसदेतलं एक प्रकरण या सगळ्या खेळाचा उत्तम नमुना आहे. 2011 मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली इंटरनेटवरच्या मध्यस्थांसाठी नियम केले. कुणी तक्रार केली की संकेतस्थळाने मजकूर छत्तीस तासांत हटवायच्या मागे लागायचं, असा त्यांचा रोख होता. केरळचे खासदार पी. राजीव यांनी राज्यसभेत ते नियम रद्द करण्याचा प्रस्ताव आणला. मे 2012 मध्ये त्यावर चर्चा झाली, अनेक पक्षांच्या सदस्यांनी नियमांवर टीका केली, मंत्री कपिल सिब्बल यांनी सर्वांशी बोलून आक्षेपांचा विचार करतो असं आश्वासन दिलं, आणि प्रस्ताव फेटाळला गेला. हा झाला पहिला दरवाजा. दुसरा दरवाजा लोकसभेच्या दुय्यम विधान समितीचा, म्हणजे सरकारने केलेले नियम तपासणाऱ्या समितीचा. तिने त्याच नियमांवर मार्च 2013 मध्ये अहवाल दिला आणि संदिग्ध शब्दांवर नेमकं बोट ठेवलं. सरकारने नियमांना हात लावला नाही. तिसरा दरवाजा न्यायालय. मार्च 2015 मध्ये श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमाचा अर्थच आवळला: न्यायालयाचा किंवा सरकारी यंत्रणेचा आदेश असेल तरच मजकूर हटवण्याचं बंधन. चार वर्षं लागली, आणि काम झालं ते न्यायालयात. पण सभागृहातल्या चर्चेने आणि समितीच्या अहवालाने काही साधलं नाही असं मी म्हणणार नाही. प्रश्न कुठे आहे ते सरकारी कागदावर पक्कं लिहिलं गेलं, आणि असं लिहिलेलं पुढे ठिकठिकाणी उपयोगी पडतं.

म्हणून माझा भर समितीवर. लोकसभेत ही समिती 1953 च्या डिसेंबरात सुरू झाली, तेव्हा लोकसभेच्या अध्यक्षपदी दादासाहेब मावळंकर होते. पंधरा सदस्य, आणि मंत्र्याला त्यात जागा नाही. महाराष्ट्रात तिचं नाव उपविधान समिती. लोकसभेच्या नियम 320 मध्ये समितीने काय तपासायचं याच्या नऊ कसोट्या दिल्या आहेत, आणि राज्यांच्या समित्यांचं कामही थोड्याफार फरकाने त्याच चाकोरीतून चालतं. सगळ्या सांगत नाही, तुमच्या उपयोगाच्या तेवढ्या सांगतो. नियम मूळ कायद्याच्या उद्देशाला धरून आहे का? जी गोष्ट कायद्यातच यायला हवी होती ती नियमात घुसवली आहे का? नियमाने कर बसवला आहे का? न्यायालयाचा रस्ता आडून किंवा उघड बंद केला आहे का? कायद्याने परवानगी दिली नसताना मागच्या तारखेपासून लागू केला आहे का? दिलेल्या अधिकाराचा अनपेक्षित, वेगळाच वापर केला आहे का? राजपत्रात छापायला किंवा सभागृहापुढे ठेवायला विनाकारण उशीर झाला आहे का?

लक्षात घ्या, "नियम चांगला की वाईट" हा प्रश्न यात नाही. इथेच बहुतेक निवेदनं वाया जातात. संघटनांची निवेदनं मी ढिगाने पाहिली आहेत. पहिल्या पानावर "लोकशाहीचा खून", दुसऱ्यावर शासनाचा तीव्र निषेध, आणि कोणत्या कलमाला कोणता नियम छेद देतो हे शेवटपर्यंत नाही. असं निवेदन समितीच्या कक्षात उघडणारा कक्ष अधिकारी त्यावर "संबंधित विभागाकडे उचित कार्यवाहीसाठी" असा शेरा मारतो, आणि कागद ज्या खात्याविरुद्ध तक्रार आहे त्याच खात्यात जाऊन पडतो.

तुमच्याच प्रकरणाचं टिपण कसं लिहायचं ते दाखवतो. सुरुवातीला नियम जसाच्या तसा उतरवा, राजपत्राची तारीख आणि भाग लिहा. केंद्रीय कायद्याखालचे राज्याचे नियम राजपत्राच्या भाग चार-अ मध्ये येतात, राज्याच्या कायद्याखालचे भाग चार-ब मध्ये. शोधताना ही खूण उपयोगी पडते. मग कलम 6(1) घ्या. त्यात अर्ज लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने, इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत, आणि विहित केलेल्या फीसह करावा असं आहे. "विहित" हा शब्द फक्त फीला लागलेला आहे. विषय किती, शब्द किती, हे नियमाने ठरवावं असं त्या कलमात नाही. त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या "मात्र..." अशा पुरवणी वाक्यात, लिहिता न येणाऱ्याचा तोंडी अर्ज अधिकाऱ्याने लिहून घ्यायला मदत करावी असं आहे. म्हणजे कायद्याचा कल दार उघडण्याकडे आहे. पुढे कलम 27 घ्या. पोटकलम 2 मध्ये कशाकशाबद्दल नियम करता येतील याची यादी आहे: साहित्याची किंमत, फी, माहिती आयोगाच्या अपिलाची कार्यपद्धती वगैरे. अर्जाची लांबी त्यात नाही.

आता खातं काय म्हणेल तेही तुम्हीच लिहा, कारण सचिवांची साक्ष होईल तेव्हा ते हेच म्हणणार. कलम 27(1) मध्ये "या अधिनियमाच्या तरतुदी अंमलात आणण्यासाठी" नियम करण्याचा सर्वसाधारण अधिकार आहे आणि खालची यादी त्याला मर्यादा घालत नाही. नियमात "साधारणपणे" असा शब्द आहे, म्हणजे अट ताठ नाही. आणि दुसरा अर्ज करायला दहा रुपयेच लागतात. हे मुद्दे अगदी पोकळ नाहीत. त्याला उत्तर म्हणून केंद्राचे 2012 चेच नियम समोर ठेवा. तिथे मर्यादा जोडपत्रं सोडून 500 शब्दांची आहे, आणि अर्ज त्याहून मोठा आहे एवढ्याच कारणाने तो नाकारता येणार नाही असं परंतुक जोडलं आहे. एकाच कायद्याखाली केंद्राला जी काळजी घ्यावीशी वाटली ती राज्याला का वाटली नाही, हा प्रश्न समितीच्या बैठकीत सचिवांना विचारण्याजोगा आहे. शेवटी मागणी लिहा: नियम काढा, निदान केंद्रासारखं परंतुक घाला. पर्यायी मागणी नेहमी द्यावी. समित्यांना पूर्ण रद्द करण्यापेक्षा दुरुस्ती सुचवणं सोपं जातं, आणि खात्यालाही माघार घेतल्यासारखं वाटत नाही. सगळं दोन पानांत बसवा, तिसरं पान कुणी वाचत नाही.

हे टिपण समितीच्या प्रमुखांच्या नावे, विधानमंडळ सचिवालयात द्यायचं. एक प्रत तुमच्या आमदारांना, पण त्यांच्याकडून वेगळं काम घ्या. त्यांना एक प्रश्न विचारायला सांगा: अमुक तारखेची अधिसूचना कलम 29(2) प्रमाणे दोन्ही सभागृहांसमोर कोणत्या दिवशी ठेवली? नियम बरा की वाईट यावर मंत्री अर्धा तास बोलू शकतात. तारखेच्या प्रश्नाला मात्र तारीखच द्यावी लागते. ठेवली नसेल तर खात्यात पळापळ होते, फाईल बाहेर निघते, आणि ती बाहेर निघाली की नियमाचा मजकूरही पुन्हा एकदा कुणीतरी वाचतं. अशा साध्या प्रश्नाने जुने नियम सुधारले गेलेले मी पाहिले आहेत.

मात्र ठेवलीच नव्हती असं निघालं तर नियम आपोआप पडला, असं समजून न्यायालयात जाऊ नका. त्यावर आपल्याच मुंबई प्रांतातलं प्रकरण आहे. 1939 च्या कृषि उत्पन्न बाजार कायद्याखाली 1941 मध्ये नियम झाले. कायदा म्हणत होता की ते पुढच्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांपुढे ठेवावेत. पण खेर मंत्रिमंडळाने 1939 मध्येच राजीनामा दिलेला, युद्ध चालू, गव्हर्नरची राजवट, अधिवेशनच नव्हतं. ते भरलं मे 1946 मध्ये, आणि तेव्हाही नियम ठेवले गेले नाहीत; ठेवले ते सप्टेंबरात, त्यापुढच्या अधिवेशनात. पुढे एका व्यापाऱ्याने यावरून नियमांना आव्हान दिलं. जान मोहम्मद बागवान विरुद्ध गुजरात राज्य या नावाने ते प्रकरण ओळखलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वेळेवर ठेवले नाहीत म्हणून नियम निष्प्रभ होतील असं कायदा म्हणत नाही, तेव्हा नियम टिकतात. अॅटलस सायकल विरुद्ध हरियाणा राज्य (1979) या निकालानेही हेच धरलं आणि वर सांगितलेले तीन प्रकार नीट मांडले. ठेवण्याची आज्ञा मार्गदर्शक आहे, न पाळल्याने नियमाचा जीव जात नाही.

याची दुसरी बाजू तुमच्या बाजूची आहे, आणि ती आमदारसाहेबांना जरूर दाखवा. हुकुमचंद विरुद्ध भारत सरकार (1972) मध्ये न्यायालय म्हणालं की नियम सभागृहापुढे ठेवला गेला म्हणून त्याला अधिकची वैधता मिळत नाही. मूळ कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेरचा नियम सभागृहात फिरून आला तरी अधिकाराबाहेरचाच राहतो. उच्च न्यायालयाचा दरवाजा त्यामुळे उघडा असतो. तिथे कसोटी पुन्हा तीच: मूळ कायद्याला छेद, अधिकाराबाहेर, उघड मनमानी, मूलभूत हक्कांचा भंग. समितीसाठी केलेलं दोन पानांचं टिपण वकिलाला याचिकेचा सांगाडा म्हणून चालतं, ही त्याची आणखी एक कमाई.

भाच्याचं म्हणणं खरं आहे, पण सगळ्या राज्यांना लागू नाही. आयडाहोने 2016 मध्ये मतदान घेऊन संविधानातच लिहून घेतलं की विधिमंडळ खात्यांचे नियम नाकारू शकतं. दुसरीकडे अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये नुसत्या ठरावाने नियम रद्द करणं घटनाबाह्य ठरवलं, 1983 मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चड्ढा प्रकरणात तिथल्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, अशाच नकाराधिकाराला नाही म्हटलं, आणि विस्कॉन्सिनमध्ये 2025 मध्ये विधिमंडळाच्या समितीची नियम अडवण्याची सत्ता न्यायालयाने काढून घेतली. तिकडे गव्हर्नर एका पक्षाचा आणि विधिमंडळ दुसऱ्याचं असू शकतं, म्हणून हे भांडण रंगतं. आपल्याकडे नियम करणारा मंत्री त्याच सभागृहात बहुमताच्या बाकावर बसलेला असतो. तिकडची रीत इथे आणली तरी निकाल फारसा बदलणार नाही.

खरी संधी असते ती मसुद्याच्या वेळी. ज्या कायद्यात "पूर्वप्रसिद्धीच्या अटीस अधीन राहून" नियम करावेत असं असतं, तिथे सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाप्रमाणे (जनरल क्लॉजेस अॅक्ट) मसुदा राजपत्रात छापावा लागतो, हरकतींसाठी तारीख द्यावी लागते आणि आलेल्या हरकतींचा विचार करावा लागतो. या टप्प्यावर खात्यातला अवर सचिव हातात पेन घेऊन बसलेला असतो, विधि व न्याय विभागाने अजून अंतिम मसुद्यावर शिक्का मारलेला नसतो, आणि एक शब्द बदलायला कुणाची प्रतिष्ठा पणाला लागत नाही. अधिसूचना निघाल्यावर तोच शब्द बदलायला मंत्र्याची सही लागते. स्थावर संपदा कायद्याचे (रेरा) राज्याचे नियम 2017 मध्ये झाले. त्याआधी त्यांचा मसुदा हरकतींसाठी खुला होता आणि ग्राहक संघटनांनी त्यावर चांगली मेहनत घेतली होती. हरकत लिहितानाही पद्धत तीच: कलम, नियम, दोहोंतला खटका, सुचवलेला पर्यायी मजकूर. पर्यायी मजकूर तयार दिला तर तो जसाच्या तसा उचलला जाण्याची शक्यता बरीच असते, कारण खात्यात लिहिणारे हात कमी असतात. माहिती अधिकाराच्या कायद्यात मात्र पूर्वप्रसिद्धीची सक्ती नाही, त्यामुळे 2012 ची दुरुस्ती होण्याआधी मसुदा लोकांपुढे ठेवणं कायद्याने बांधील नव्हतं.

एक इशारा द्यायला हवा. राज्यकारभारातला मोठा भाग या चाळणीत येतच नाही. शासन निर्णय, म्हणजे जी.आर., आणि परिपत्रकं हे नियम नव्हेत. त्यांना राजपत्र नाही, सभागृहापुढे ठेवणं नाही. संकेतस्थळावर सांकेतांकासह चढले की झालं. नियमात घालायला अडचणीची अट शासन निर्णयात घालायची ही खात्यांची जुनी सवय आहे, आणि मला विचाराल तर विधिमंडळाच्या देखरेखीतलं सगळ्यात मोठं भोक तेच आहे. सरकारी नोकरांच्या सेवाशर्तींचे अनुच्छेद 309 खालचे नियमही सभागृहापुढे ठेवण्याची सक्ती नाही. (गंमत म्हणजे लोकसेवा आयोगाचा सल्ला कोणत्या बाबतीत घ्यायचा नाही, याबद्दलचे विनियम किमान चौदा दिवस सभागृहापुढे ठेवावेत आणि सभागृहाला ते बदलता यावेत, हे संविधानाने स्वतः अनुच्छेद 320 मध्ये लिहून ठेवलं आहे.) शहरांची विकास नियंत्रण नियमावली, जिच्यावर इमारतींची उंची आणि चटई क्षेत्र ठरतं, ती नगररचना कायद्याखाली सरकार मंजूर करतं, विधिमंडळाच्या पटलावर ती हक्काने येत नाही. म्हणून कोणताही कागद हातात आला की आधी पाहा, त्यावर "या अधिनियमाच्या कलम अमुकने प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून" अशी सुरुवात आहे का. ती नसेल तर तो कागद बहुधा शासन निर्णय किंवा परिपत्रक निघेल, आणि त्याला कायद्यातल्या हक्कावर कुरघोडी करता येत नाही.

तुमच्या अर्जाचं आता काय? रस्त्याच्या देयकांची माहिती लवकर हवी असेल तर दहा रुपये भरून वेगळा अर्ज आजच टाका, तत्त्वासाठी माहिती अडवून धरू नका. सोबत पहिलं अपील तीस दिवसांच्या आत करा. अपिलीय अधिकारी नियम रद्द करू शकत नाही, तेव्हा तिथे नियमाच्या वैधतेवर शब्द खर्चू नका. नियम एवढंच म्हणतो की अधिकारी पहिल्या विषयापुरतं उत्तर "देऊ शकेल"; द्यायलाच हवं असं म्हणत नाही. शिवाय निविदा आणि देयकं एकाच योजनेची असतील, पाइप टाकायला खणलेला रस्ताच पुन्हा केला असेल, तर विषय दोन आहेत की एक, इथूनच वाद सुरू होतो, आणि तो तुम्ही जिंकण्यासारखा आहे. वैधतेचा मुद्दा उपविधान समितीच्या टिपणासाठी राखून ठेवा. ते पुढच्या अधिवेशनाच्या निदान महिनाभर आधी सचिवालयात पोचेल असं बघा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.